वडिलांना औषधचाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले आहे : तीव्र हार्ट फेल्युअर आणि प्लासिबोचा प्रश्न

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील सदुसष्ट वर्षांचे असून साखर कारखान्याच्या बॉयलर विभागातून निवृत्त झाले आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला होता. त्यानंतर तीन-चार वर्षे बरी गेली, परंतु गेल्या दिवाळीपासून त्यांना दोनदा दवाखान्यात भरती करावे लागले आणि अलीकडच्या टू-डी इकोमध्ये हृदयाचे पंपिंग वीस ते पंचवीस टक्के असल्याचे लिहिले आहे. रात्री तीन उशा लागतात. अंघोळ करून आल्यावर पाच मिनिटे पलंगावर बसल्याखेरीज त्यांना सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत आणि ती लावून देण्यासाठी कोणी पुढे झालेले त्यांना चालत नाही.

मागच्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारले की, तीव्र हार्ट फेल्युअरवरच्या, म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकण्याच्या आजारावरच्या, एका नव्या गोळीची चाचणी त्यांच्याकडे सुरू आहे, तिच्यात बाबांना घालायचे आहे का. त्यांनी घाई केली नाही आणि सव्वीस पानांचे मराठी संमतिपत्र घरी वाचायला दिले. त्यात औषधाला नाव नाही, फक्त दोन अक्षरे आणि काही आकडे आहेत. हृदयाच्या स्नायूची आकुंचनाची ताकद ही गोळी वाढवते, असे लिहिले आहे. सहभागी झालेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना खरी गोळी मिळणार आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण हुबेहूब तशीच दिसणारी गोळी. कोणाला काय मिळाले हे आम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. भावाचे म्हणणे असे की, पंपिंग वीस टक्क्यांवर आलेल्या माणसाला पिठाची गोळी देणे हा अन्याय आहे आणि आपल्या बाबांचा प्रयोगशाळेतला उंदीर करायचा नाही. आईला वाटते की नवे औषध मिळण्याची निम्मी शक्यता आहे, तर ती का सोडावी. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. हृदय अशक्त झाले आहे आणि औषध त्याला ताकद देते, शिवाय ते घेतल्यावर रुग्णाला बरे वाटते, एवढे दिसल्यावर हजारो माणसांवर वर्षानुवर्षे चाचणी करण्याची गरज का पडते? या क्षेत्रातल्या कोणी समजावून सांगितले तर निर्णय घेणे सोपे जाईल. कोणत्या दवाखान्यात जावे वगैरे सल्ला नको आहे.

अर्धमात्रा यांचे उत्तर

मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवीत असे, आता निवृत्त आहे. आपण जो प्रश्न शेवटी विचारला आहे तोच या विषयाचा गाभा आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

हृदय अशक्त झाले तर त्याला ताकद द्यावी, ही कल्पना इतकी सरळ आहे की १९८० च्या दशकात जवळजवळ सगळे जग तिच्यामागे लागले होते. मिल्रिनोन हे त्या काळातले एक नावाजलेले औषध. ते स्नायूच्या पेशींतील कॅल्शियमचा व्यवहार वाढवून आकुंचन जोरकस करते आणि रक्तवाहिन्याही सैल करते, त्यामुळे शिरेतून दिल्यावर हृदयातून बाहेर पडणारे रक्त वाढलेले मॉनिटरवर समोर दिसते. मग याच औषधाची गोळी रोज दिली तर काय होईल, हे पाहण्यासाठी 'प्रॉमिस' नावाची चाचणी झाली. तिच्यात तीव्र हार्ट फेल्युअरचे १०८८ रुग्ण होते आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरासरी सहा महिन्यांच्या अवधीत मिल्रिनोन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के रुग्ण दगावले होते, तर प्लासिबो घेणाऱ्यांपैकी २४ टक्के. जे सर्वांत आजारी होते, म्हणजे बसल्या जागी दम लागणारे, त्यांचे नुकसान सर्वांत जास्त झाले. आपल्या वडिलांसारख्या रुग्णांना त्या चाचणीत पिठाची गोळी मिळणे हेच भाग्याचे ठरले, हे आपल्या भावाला अवश्य सांगा.

असे का झाले असावे, हे मी वर्गात उसाच्या गाडीच्या उदाहरणाने सांगत असे. चढावर थकलेल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावले झपाट्याने टाकतो, पण म्हणून त्याच्या अंगात नवे बळ आलेले नसते आणि गाडीतला ऊसही कमी झालेला नसतो. अशक्त हृदयाला शरीर आधीच ॲड्रेनॅलिनच्या जातीच्या रसायनांनी सतत टोचत असते. त्यात आणखी एक टोचणी घातली की पेशी लवकर मरतात आणि ठोक्यांची लय बिघडून अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो. शिरेतून मिल्रिनोन आजही अतिदक्षता विभागात वापरतात, परंतु काही तासांचा किंवा दिवसांचा प्रसंग निभावून नेण्यासाठी.

याहूनही बोधप्रद कथा व्हेस्नॅरिनोनची आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४७७ रुग्णांना रोज ६० मिलिग्रॅम व्हेस्नॅरिनोन किंवा प्लासिबो दिले होते. सहा महिन्यांत प्लासिबो गटात ३३ मृत्यू झाले आणि औषधाच्या गटात फक्त १३. मृत्यूचा धोका ६२ टक्क्यांनी कमी! एवढ्यावर औषध बाजारात यायला काय हरकत होती, असे कोणालाही वाटेल. मात्र त्याच चाचणीत १२० मिलिग्रॅमच्या गटात मृत्यू वाढल्यामुळे तो गट मध्येच बंद करावा लागला होता आणि ही खूण काहींच्या मनात खुपत होती. म्हणून ३८३३ रुग्णांवर नवी, मोठी चाचणी झाली आणि १९९८ मध्ये निकाल उलटा लागला. प्लासिबो गटात १८.९ टक्के मृत्यू, ३० मिलिग्रॅमच्या गटात २१ टक्के आणि ज्या ६० मिलिग्रॅमने आधी जादू केली होती त्या गटात २२.९ टक्के. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर येथे आहे. पहिल्या काही आठवड्यांत ६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना प्लासिबोवाल्यांपेक्षा खरोखरच अधिक बरे वाटत होते, तशी त्यांनी प्रश्नावलीत नोंदही केली होती, आणि तरीही त्यांच्यातलेच अधिक लोक मरत होते. कोणताही डॉक्टर आपल्या दवाखान्यात बसून, दहा-वीस रुग्णांकडे पाहून हे कधीही ओळखू शकला नसता. शंभरात एकोणीस आणि शंभरात तेवीस यांतला फरक नजरेला दिसत नाही, तो मोजावा लागतो आणि त्यासाठी हजारो माणसे लागतात.

आता याची दुसरी बाजू. बीटा-ब्लॉकर जातीची औषधे हृदयाचा वेग आणि जोर दोन्ही कमी करतात. हार्ट फेल्युअरमध्ये ती देऊ नयेत, असे आम्ही विद्यार्थी असताना घोकले होते आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. १९७५ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे वाग्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या सात रुग्णांना ती देऊन सुधारणा झाल्याचे लिहिले, तेव्हा फार थोड्या लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पुढे पाव शतकाने, २००१ मध्ये, 'कोपर्निकस' चाचणी प्रसिद्ध झाली. पंपिंग पंचवीस टक्क्यांखाली गेलेल्या २२८९ रुग्णांना कार्व्हेडिलॉल हे बीटा-ब्लॉकर किंवा प्लासिबो देण्यात आले आणि वर्षभरातला मृत्यूचा अंदाज १८.५ टक्क्यांवरून ११.४ टक्क्यांवर आला. ज्या औषधाने हृदयाला ताकद दिली त्याने माणसे मारली आणि ज्याने हृदयाला आवरले त्याने ती वाचवली. तर्काने दोन्ही वेळा आपल्याला चुकीच्या बाजूला नेले होते.

राहिला अन्यायाचा मुद्दा. प्लासिबो मिळालेला रुग्ण उपचारावाचून राहत नाही, ही गोष्ट संमतिपत्रात लिहिलेली असूनही पहिल्या वाचनात निसटते. त्याची नेहमीची सगळी औषधे चालूच राहतात, नवी गोळी किंवा प्लासिबो त्यांच्यावर अधिकची असते. या क्षेत्रातली पायाभूत चाचणी, १९८७ ची 'कन्सेन्सस', अशीच होती. फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन येथील चौथ्या श्रेणीतले, म्हणजे सर्वांत गंभीर अवस्थेतले, २५३ रुग्ण तिच्यात होते. सर्वांचे त्या काळचे नेहमीचे उपचार चालू होते, म्हणजे डिजिटालिस हे हृदयाचे जुने औषध, लघवी वाढवणारी औषधे आणि काहींना रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे. त्यावर निम्म्यांना एनालाप्रिल हे रक्तदाब उतरवणारे औषध दिले. सहा महिन्यांत प्लासिबो गटातले ४४ टक्के रुग्ण गेले आणि एनालाप्रिल गटातले २६ टक्के, तेव्हा चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवण्यात आली. आज मागे वळून पाहताना प्लासिबो गटातल्या १२६ जणांविषयी वाईट वाटते. पण त्या दिवशी हे औषध तारते की रक्तदाब पाडून मारते, हे कोणालाच माहीत नव्हते. सुरुवातीला काही रुग्णांचा रक्तदाब खरोखरच इतका उतरला की जोखमीच्या रुग्णांसाठी पहिला डोस कमी करून २.५ मिलिग्रॅमवर आणावा लागला होता. तेथे जो ४४ चा आकडा मिळाला नसता, तर २६ च्या आकड्याला काही अर्थच उरला नसता.

फाइलवाली यांचे उत्तर

मी एका खासगी रुग्णालयात औषधचाचण्यांची समन्वयक म्हणून काम करते. रुग्णालयाचे आणि कंपनीचे नाव लिहिता येणार नाही, परंतु आतली रीत सांगू शकते.

संमतिपत्र घरी नेऊ देणे ही चांगली खूण आहे. आमच्याकडची मराठी संमतिपत्रे आधी इंग्रजीत तयार होतात, मग मराठीत येतात आणि मराठी बरोबर आहे का हे पाहण्यासाठी ती दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत उलटवून घेतली जातात. एवढ्या उलटापालटीनंतर भाषा कशी होते हे आपण पाहतच आहात. एका चाचणीच्या मराठी मसुद्यात हार्ट फेल्युअरला 'हृदय बंद पडणे' असे लिहिले होते. बार्शीकडच्या एका आजींनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि विचारले, "बाई, माझं हृदय बंद पडलंय, तर मग तुझ्याशी बोलतंय कोण?" तो शब्द आम्ही कळवून बदलून घेतला. सांगायचे एवढेच की, जे वाक्य कळणार नाही त्याखाली रेघ ओढा आणि प्रत्येक रेघेचा अर्थ डॉक्टरांना बोलून सांगायला लावा. तसे करणे हा त्यांचा उपकार नाही, ते त्यांचे काम आहे.

२०१९ च्या नव्या औषधांविषयीच्या आणि चाचण्यांविषयीच्या नियमांनुसार पुढील गोष्टी बंधनकारक आहेत. आपल्याला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार हवा. पूर्णपणे नव्या औषधी रेणूच्या चाचणीत दुर्बल गटातल्या व्यक्तीची संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. आपण कोणतेही कारण न देता केव्हाही बाहेर पडू शकता आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. गंभीर अपाय झाला तर डॉक्टरांना चोवीस तासांच्या आत औषध नियंत्रकांना, चाचणी प्रायोजित करणाऱ्या कंपनीला आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे चाचणीतल्या रुग्णांचे हित पाहणाऱ्या समितीला, कळवावे लागते. चाचणीची नोंद सीटीआरआय या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर असते. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि चाचणी आणखी कोणत्या गावांत चालू आहे, किती रुग्ण घेणार आहेत, हे स्वतः पाहा.

भरपाईविषयी कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार मोफत होतात. चाचणीमुळे मृत्यू झाल्याचे ठरले तर रक्कम एका सूत्राने निघते. तिचा पाया आठ लाख रुपये आहे आणि वय व आजाराची गंभीरता यांच्या गुणकांनी ती वर-खाली होते. पासष्टच्या पुढे वयाचा गुणक सर्वांत कमी असतो. आजार जितका गंभीर तितका दुसरा गुणकही कमी, म्हणजे सहा महिन्यांपेक्षा अधिक जगण्याची अपेक्षा नसलेल्या रुग्णासाठी अर्धा आणि सहा ते चोवीस महिन्यांची अपेक्षा असलेल्यासाठी एक. त्यामुळे आपल्या वडिलांच्या वयाला तो आकडा साधारण चार लाख किंवा आठ लाख असा येऊ शकतो. नियम लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने यात तर्क आहे, पण घरच्या माणसांना हे वाचताना कसे वाटत असेल याची मला दर वेळी लाज वाटते.

आणखी एक गोष्ट अशी की, सही केली म्हणजे प्रवेश मिळाला असे होत नाही. आधी छाननी होते. रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), इको आणि ईसीजी यांपैकी एखादी गोष्ट मर्यादेबाहेर गेली की रुग्णाला परत पाठवावे लागते. आमच्याकडे छाननीला आलेल्यांपैकी बरेच जण तेथेच गळतात आणि गळणारे बहुधा अधिक आजारी असतात. ज्या औषधाच्या डब्यावर 'तीव्र हार्ट फेल्युअरसाठी' असे उद्या छापले जाईल, ते ज्यांच्यावर तपासले जाते ती माणसे त्या आजारातल्या त्यातल्या त्यात धडधाकट म्हणावीत अशी असतात.

सातमाळ यांचे उत्तर

आमचा अनुभव लिहितो. माझी आई काही वर्षांपूर्वी हार्ट फेल्युअरच्या अशाच एका चाचणीत होती. दोन वर्षे, आधी दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी, आम्ही गाडी करून जात होतो. तेथे तिला लांब व्हरांड्यात सहा मिनिटे चालायला लावीत आणि ती किती मीटर चालली हे मोजीत. प्रश्नावली भरून घेत. उरलेल्या गोळ्या परत घेऊन मोजीत. तपासण्या मोफत होत्या आणि काही शंका आली तर फोन उचलणारी एक मुलगी होती, हीच आमच्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट होती. साध्या ओपीडीत तीन तास थांबून तीन मिनिटे मिळत, येथे आईचे वजन दोन किलोंनी वाढले तरी कोणीतरी विचारत असे. ती दोन वर्षे तिची बरी गेली, ती गोळीमुळे की या देखरेखीमुळे, हे मला ठरवता येत नाही.

तक्रार आहे ती नंतरची. चाचणी संपली त्या दिवशी गोळ्यांची शेवटची पट्टी परत घेतली आणि पुढे काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. प्रवासखर्चाचे शेवटचे दोन हप्ते सात महिन्यांनी आले. आईला औषध मिळाले होते की प्लासिबो, हे मी दोनदा लेखी विचारले, पण आजपर्यंत कळले नाही. आई आता नाही. तेव्हा आपण सही करण्यापूर्वी चाचणी संपल्यानंतर औषध मिळणार का, निकाल आणि गट कळवणार का, हे लिहून घ्या. तोंडी उत्तरावर थांबू नका.

फाइलवाली

सातमाळ, वाचून वाईट वाटले. चाचणीनंतर औषध मोफत पुरवण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे, पण तिला अटी आहेत. डॉक्टरांनी शिफारस करावी लागते, एथिक्स कमिटीने मान्यता द्यावी लागते, त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसावा लागतो आणि औषध त्या रुग्णाला उपयोगी पडल्याचे दिसावे लागते. हार्ट फेल्युअरवर इतर औषधे आहेत, म्हणून तिसऱ्या अटीवरच प्रकरण बहुतेकदा अडते. गट कळवण्याविषयी मात्र तुमचे बरोबर आहे, त्यात आम्ही लोक कमी पडतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सर, तुमचे उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. बैलाचे उदाहरण ऐकून ते म्हणाले की, बॉयलरचेही असेच असते, दाब वाढवला म्हणजे वाफ वाढतेच असे नाही. संमतिपत्र पुन्हा पाहिले. मुख्य मोजमाप म्हणून 'हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती, यांपैकी जे आधी घडेल ते' असे लिहिले आहे. बाबांना सध्या कार्व्हेडिलॉल ३.१२५ दिवसातून दोनदा, लघवीची गोळी, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. स्पायरोनोलॅक्टोन होते, पण जानेवारीत पोटॅशियम ५.७ आल्यावर बंद केले, ते पुन्हा सुरू झाले नाही. रक्तदाब १०४/६४ असतो, क्रिएटिनिन १.३. या माहितीवरून काही सांगता येईल का?

अर्धमात्रा

रुग्णाला न पाहता औषध सांगणार नाही, पण आपल्या डॉक्टरांना विचारण्यासाठी एक प्रश्न सुचवतो आणि तो चाचणीच्या आधी विचारावा असे माझे स्पष्ट मत आहे. जी औषधे चाचण्यांतून सिद्ध होऊन बाहेर पडली आहेत, ती सगळी वडिलांना मिळत आहेत का?

आपण लिहिलेल्या यादीत कार्व्हेडिलॉल आहे, पण ज्या मात्रेवर ते केवळ सुरू करतात त्या मात्रेवर. कोपर्निकसमध्ये ३.१२५ पासून चढत चढत २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा येथपर्यंत नेण्याचा प्रयत्न होता. एनालाप्रिलच्या जातीचे किंवा त्याच्या जागी आलेले सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन दिसत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, ही मूळची मधुमेहावरची औषधे, दिसत नाहीत. डॅपाग्लिफ्लोझिनने २०१९ मधील ४७४४ रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा आजार बळावणे यांचा एकत्रित धोका २६ टक्क्यांनी कमी केला होता, आणि त्यासाठी मधुमेह असण्याची अट नाही. पेटंट संपल्यामुळे ही औषधे आता आपल्याकडे पूर्वीसारखी महाग राहिलेली नाहीत. ती राहून गेली असतील तर त्यामागे रक्तदाबाचे किंवा मूत्रपिंडाचे रास्त कारण असू शकते, आणि कारण नसून केवळ राहून गेली असेही असू शकते. विचारल्याखेरीज कळणार नाही.

ही राहून जाण्याची गोष्ट किती महागात पडते, हे २०२२ च्या 'स्ट्राँग एचएफ' चाचणीने दाखवले. तिच्यात नवे औषध कोणतेच नव्हते. दवाखान्यातून घरी जाणाऱ्या १०७८ रुग्णांपैकी निम्म्यांची जुनीच औषधे दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत नेली, वरचेवर तपासून, आणि निम्म्यांना नेहमीसारखे सोडले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १५.२ टक्क्यांवर आले. सातमाळ यांच्या आईंना देखरेखीमुळे बरे वाटले असावे, ही त्यांची शंका म्हणूनच मला अगदी योग्य वाटते.

स्पायरोनोलॅक्टोनविषयी दोन्ही बाजू सांगतो, कारण ती गोळी तारते तशीच रक्तातले पोटॅशियमही वाढवते. १९९९ च्या 'रॅल्स' चाचणीत तीव्र हार्ट फेल्युअरचे १६६३ रुग्ण होते आणि या जुन्या, स्वस्त गोळीने मृत्यूंचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आणले. परंतु पोटॅशियम पाचच्या वर किंवा क्रिएटिनिन अडीचच्या वर असलेल्यांना त्या चाचणीत घेतलेच नव्हते आणि घेतलेल्यांचे रक्त नियमित तपासले जात होते. निकाल जाहीर होताच कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डॉक्टरांनी ही गोळी सढळ हाताने लिहिली. तेथे हार्ट फेल्युअर असलेल्या आणि एनालाप्रिलच्या जातीची औषधे घेणाऱ्या वृद्धांत पोटॅशियम वाढून भरती होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये हजारी ११ झाले. म्हणून आपल्या डॉक्टरांनी ५.७ वर गोळी थांबवली हे बरोबरच केले. पोटॅशियम उतरल्यावर कमी मात्रेत, रक्त तपासत ती पुन्हा देता येईल का, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

चाचणीच्या दृष्टीनेही याला महत्त्व आहे. मूळ औषधे अपुरी असताना रुग्ण चाचणीत गेला आणि प्लासिबोच्या गटात पडला, तर मग आपल्या भावाचा आक्षेप बऱ्याच अंशी खरा ठरतो. मूळ औषधे पूर्ण असतील तर तो उरत नाही.

आपल्या संमतिपत्रातले औषध कोणते हे मला ठाऊक नाही. पण ताकद वाढवणारी सगळी औषधे मिल्रिनोनसारखीच असतात असे समजू नका. ओमेकॅम्टिव्ह मेकार्बिल हे औषध कॅल्शियमला हात न लावता थेट मायोसिन या प्रथिनावर काम करते. ८२५६ रुग्णांच्या चाचणीत त्याने मृत्यू वाढवले नाहीत, पण कमीही केले नाहीत. मृत्यू आणि आजार बळावणे यांचा एकत्रित आकडा ३९.१ वरून ३७ टक्के एवढाच खाली आला. पंपिंग फार कमी असलेल्यांत फायदा जरा अधिक दिसला, तरी २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याला परवानगी नाकारली. मधल्या श्रेणीतल्या रुग्णांना तारणारे औषध शेवटच्या श्रेणीत तसेच तारेल, असेही नसते. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनने ज्या मोठ्या चाचणीत नाव कमावले तिच्यात चौथ्या श्रेणीतले रुग्ण शंभरात एकही नव्हते. पुढे खास अशा ३३५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली तेव्हा ते साध्या व्हल्सार्टनपेक्षा सरस ठरले नाही आणि पोटॅशियमचा त्रास मात्र अधिक झाला. आपल्या वडिलांच्या अवस्थेतल्या माणसांची माहिती आम्हा डॉक्टरांकडे सर्वांत कमी आहे, हे मान्य केले पाहिजे. तीन उशा घेऊन झोपणारा माणूस चाचणीत आला तर त्याचे मोल माझ्या लेखी फार आहे, पण ते मोल त्याने द्यावे की नाही, हे त्याच्याखेरीज कोणी ठरवू नये.

कृष्णाकाठ

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुमचा प्रश्न मी कागदावर लिहून नेला होता, तो त्यांनी वाचला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की, चाचणी दोन महिने पुढे ढकलू, तिची भरती अजून बराच काळ चालणार आहे. डॅपाग्लिफ्लोझिन काल सुरू केले. पोटॅशियम ४.६ आले आहे, पुढच्या मंगळवारी पुन्हा रक्त तपासून स्पायरोनोलॅक्टोन अर्ध्या गोळीने सुरू करायचे ठरले आहे आणि कार्व्हेडिलॉल त्यानंतर चढवणार आहेत. गट कळवण्याविषयी विचारले तेव्हा त्यांनी कंपनीला पत्र लिहून लेखी उत्तर मागवण्याचे कबूल केले.

संमतिपत्र बाबांनी परत दिले नाही. दोन रात्री चष्मा लावून त्यांनी ते स्वतः वाचले आणि कारखान्याच्या लॉगबुकात करीत तशा पेन्सिलीने खुणा केल्या. भावाने विचारले की, दोन महिन्यांनी जाणार का. त्यावर ते म्हणाले की, आधी बटणे बसल्याशिवाय लावता येतात का ते पाहू, मग सांगतो. लेखी उत्तर आले की येथे कळवते.